ग्रंथालयात पणजोबा कुठे शोधायचे?

प्रश्न: मी डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. आमचं मूळ गाव देवगड तालुक्यात. आजोबा तरुणपणी मुंबईत आले, परळच्या गिरणीत साच्यावर (मागावर) होते, नायगावच्या बीडीडी चाळीत राहिले आणि १९६१ साली वारले. आम्ही गावावरून पडलेलं ‘-कर’ आडनाव लावतो. गावातले भाऊबंद ‘परब’ लावतात. आजी सांगायची, की पणजोबा प्लेगच्या साली मुंबई सोडून गावी परतले, आणि आजोबांचे थोरले भाऊ ‘रामदास बोटीत गेले’. आजोबा तेव्हा शाळा सोडून नुकतेच मुंबईत आले होते म्हणे. ट्रंकेत एक मोडी कागद आहे, तो कुणाला वाचता येत नाही. डिसेंबरात चार दिवस रजा काढून मुंबईच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात बसायचं ठरवलं आहे. सुरुवात कुठून करू? एक गृहस्थ पंधरा हजारांत बारा पिढ्यांची वंशावळ करून देतो म्हणतात. त्यांच्याकडे जावं का?

उत्तर: चार दिवस पुरतील, पण ते कशासाठी वापरायचे हे आधी ठरवा. ग्रंथालयात जाऊन आजोबांचं नाव शोधू लागलात तर चौथ्या दिवशी रिकाम्या हातांनी परत याल. परदेशी कार्यक्रमांत लोक जनगणनेचा कागद उघडतात आणि त्यात आजोबा, आजी, मुलं, घर क्रमांक असं सगळं सापडतं. आपल्याकडे ते होत नाही. आपल्या जनगणनेतली व्यक्तिगत माहिती गोपनीय असते, तिचे फक्त आकडे छापले जातात. गिरणी कामगाराचं नाव छापील पुस्तकात येण्याचे प्रसंग फार थोडे: अपघात, संप, खटला, किंवा गावच्या मंडळाची स्मरणिका. तेव्हा ग्रंथालयात जाताना गाव, साल आणि धंदा या तीन गोष्टी हातात हव्यात. त्यातून कधीकधी नावही हाती लागतं, आणि नाही लागलं तरी त्या माणसाच्या आयुष्याचा नकाशा नक्की मिळतो.

रजेच्या आधीचे दोन-तीन रविवार घरच्या कागदांना द्या. आजोबांचा मृत्यूचा दाखला, चाळीच्या भाडेपावत्या, जुनं रेशनकार्ड, गिरणीचा पास, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद हे सगळं गोळा करा. कापडगिरण्यांना फंडाचा कायदा १९५२ मध्येच लागू झाला, त्यामुळे नॉमिनीच्या फॉर्मवर कुटुंबातली नावं आणि नाती एकत्र सापडण्याची शक्यता बरी आहे. मृत्यूची नोंद राहत्या वॉर्डात नव्हे, मृत्यू झाला त्या वॉर्डात असते. ते केईएममध्ये वारले असतील तर त्या इस्पितळाच्या वॉर्डात शोधा. इथेच बऱ्याच जणांची पहिली फेरी फुकट जाते.

त्याच दिवसांत घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला फोन करा. आत्या असतील तर त्यांनाच. पुरुष मंडळी जमिनीचं सांगतात. कोण कुणाच्या घरी दिली, कुणाचं माहेर कुठलं, कोण बाळंतपणात गेली हे बायकांना ठाऊक असतं. ‘कधी झालं?’ असं विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही. ‘तेव्हा काय चाललं होतं?’ असं विचारा. मुंबईतला प्लेग म्हणजे १८९६-९७, मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ १९१८, गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४, पानशेतचा पूर १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. अशा खुणांना धरून माणसं लग्नं आणि बारशी बरोबर सांगतात. एक सावधगिरी मात्र बाळगा. प्लेग १८९६ ला आला तो वर्षभराने निघून गेला नाही, पुढे कित्येक वर्षं फिरून फिरून येत राहिला. त्यामुळे ‘प्लेगच्या साली परतले’ यातून १८९६ ते साधारण १९०५ एवढा टप्पा धरा, नेमकं साल धरू नका.

आता आडनाव. तुमच्या घरात दोन आडनावं आहेत यात गूढ काही नाही, कोकणात हे घरोघर आहे. जुन्या कागदांत आडनाव मुळात असेलच असं नाही. तिथे ‘गोविंद बिन रामा’ असं सापडेल. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईचं नाव ‘सखू कोम रामा’ असं येतं, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. शाळेत मास्तरांनी, गिरणीत हजेरी कारकुनाने किंवा जॉबरने (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाने) जे लिहिलं ते पुढे चिकटलं. म्हणून शोधाची वही करताना प्रत्येक माणसापुढे तीन रकाने पाडा: ‘-कर’, ‘परब’ आणि बिनआडनावाचं ‘नाव बिन बापाचं नाव’. तिन्ही रूपांनी शोधल्याशिवाय ‘सापडलं नाही’ असं लिहू नका. छापील मजकुरात लेखनही जुनं असेल. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधी ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सर्रास होते. संगणकावर ‘गाव’ टाकून शोधलंत तर ‘गांव’ हाती लागणार नाही. इंग्रजी साधनांत तर एकाच गावाची तीन-चार स्पेलिंगं असतात, तीही वहीत टिपून ठेवा.

गावाचा पत्ताही काळाप्रमाणे बदलतो. देवगड आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधीचं सगळं रत्नागिरी जिल्ह्याखाली लावलेलं असतं. सूचीत ‘सिंधुदुर्ग’ शोधलंत तर फक्त अलीकडची पुस्तकं हाती येतील. शेजारचं सावंतवाडी तर १९४८ पर्यंत संस्थान होतं, त्याचा कारभार आणि दप्तर वेगळं. आजीचं माहेर त्या बाजूचं असेल तर हे आत्ताच लिहून ठेवा.

तुमच्या पत्रातली ग्रंथालयात नेण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ती बोट. तिला एक तारीख आहे, आणि तारीख हातात असली की वर्तमानपत्रांची फाइल उघडण्यात अर्थ आहे. पण ती बोट ‘रामदास’ होती का, याबद्दल आम्हाला दाट शंका आहे.

‘रामदास’ बुडाली १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना. रेवस म्हणजे अलिबागची बाजू. ऐन पावसाळ्यात कोकण किनाऱ्याची लांबची बोटवाहतूक बंद असायची. देवगड-विजयदुर्गकडे जाणारा माणूस जुलैत बोटीने निघतच नसे. एखाद्या कामाने किंवा पाहुण्यांकडे अलिबागला निघाले असतील तर गोष्ट वेगळी, तेवढं आत्यांना विचारा. शिवाय आजी सांगायची की आजोबा तेव्हा शाळा सोडून नुकतेच आले होते. १९४७ साली ते तसे असतील, तर १९६१ मध्ये वारले तेव्हा पस्तिशीच्याही आत असायला हवेत. मृत्यूच्या दाखल्यावरचं वय पाहिलंत की याचा निकाल तिथल्या तिथे लागेल. दाखल्यावर पन्नाशी निघाली, तर ११ नोव्हेंबर १९२७ ही तारीख घ्या. त्या दिवशी कोकण किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन प्रवासी बोटी बुडाल्या. पुढे ‘रामदास’ची दुर्घटना इतकी मोठी झाली की लोकांच्या बोलण्यात आधीच्या बुडालेल्या बोटीही तिच्याच नावावर जमा झाल्या. आजी खोटं सांगत नव्हती, तिने ओळखीचं नाव लावलं एवढंच.

वर्तमानपत्र मागताना ते त्या साली निघत होतं का, हे आधी पाहा. १९२७ साठी लोकसत्ता मागून उपयोग नाही, ते १९४८ चं. महाराष्ट्र टाइम्स १९६२ चं. सकाळ १९३२ चं आणि तेही पुण्याचं. १९२७ साठी नवाकाळ, ज्ञानप्रकाश, केसरी आणि इंग्रजीत टाइम्स ऑफ इंडिया बघा. मुंबईच्या कामगार वस्तीतली बारीक बातमी मिळायची तर नवाकाळमध्ये. घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून निदान दहा दिवसांचे अंक वाचा. पहिल्या दिवशी नुसती खळबळ असते, नावं मागून हप्त्याहप्त्याने येतात: सापडलेले मृतदेह, वाचलेल्यांचे जबाब, नातेवाइकांच्या चौकश्या, मदतनिधीच्या याद्या. महिन्याभराने चौकशीच्या बातम्या येतात, तेही पान चाळा. डेकवरच्या उतारूंची नावं तिकिटावर नसत, म्हणून छापील यादी पूर्ण असेलच असं धरू नका. यादीत नाव मिळालं तर पुरावा झाला. न मिळालं तर काहीच सिद्ध होत नाही. नाव शोधताना पुन्हा तेच तिन्ही रकाने, आणि गावाचं नावही पाहा, कारण अशा याद्यांत ‘एक इसम, रा. अमुक गाव’ एवढंच कधीकधी असतं.

कुठे जायचं? तुमच्या कामाला दोन ठिकाणं पुरेत. पहिलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग, दादर पूर्वेला नायगावात. संस्था १८९८ सालची. मराठी पुस्तकं, नियतकालिकं आणि स्थानिक इतिहासासाठी आधी इथे जा. दुसरं फोर्टातला टाउन हॉल. तिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, १८०४ पासूनची परंपरा असलेलं, आणि त्याच परिसरात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांकडे द्यावी लागते त्यांतलं एक हे. सरकारी अहवाल आणि इंग्रजी साधनांसाठी टाउन हॉल, मराठीसाठी नायगाव अशी सोपी वाटणी ठेवा.

जाण्याआधी फोन करून चारच गोष्टी विचारा: बिगरसभासदाला बसू देतात का आणि शुल्क किती, सुट्टीचा वार कोणता, नवाकाळची १९२७ ची फाइल आहे का आणि ती हाताळायला देतात का, आणि मोबाइलने फोटो काढता येतात का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्या काळचा वर्तमानपत्री कागद आज पापडासारखा तुटतो. फाइल सूचीत असते पण बांधणीला गेलेली असते, किंवा फक्त मायक्रोफिल्मवर किंवा स्कॅनमध्ये दाखवतात. हे फोनवर कळलं तर एक दिवस वाचतो. फोनवर ‘येऊन बघा’ असं उत्तर आलं तर संस्थेला ईमेल पाठवा आणि त्याची छापील प्रत सोबत न्या.

सोबत आधार कार्डाची झेरॉक्स, पेन्सिल (शाईचं पेन जुन्या ग्रंथांजवळ चालू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे), रेघांची वही, भिंग आणि मोबाइलचा चार्जर न्या. पुस्तकांच्या मांडणीत तुम्हाला जाता येणार नाही. मागणीचिठ्ठी भरायची, कर्मचारी आणून देतो. चिठ्ठीवर वर्गांक (विषयाचा क्रमांक) आणि दाखल क्रमांक (त्या प्रतीचा स्वतःचा क्रमांक) दोन्ही लिहा, नाहीतर त्याच नावाची दुसरी आवृत्ती टेबलावर येते. सकाळी पोचल्या पोचल्या तीन-चार चिठ्ठ्या एकदम द्या, दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागणी थांबते. सूचीत ‘वंशावळ’ एवढाच शब्द टाकून थांबू नका. ‘कुलवृत्तांत’ (म्हणजे घराण्याचा इतिहास), ‘स्मरणिका’, ‘शताब्दी’, ‘गौरवग्रंथ’, ‘ज्ञाति’ आणि गावाचं, तालुक्याचं नाव हेही टाका. दशांश वर्गीकरण असेल तर घराण्यांचे इतिहास ९२९ खाली असतात, पण जुन्या मराठी संग्रहांत ते चरित्रांत किंवा किरकोळ विभागात जाऊन बसलेले असतात.

ग्रंथपालाला प्रश्न कसा विचारता यावर अर्धं काम अवलंबून आहे. ‘मला आमच्या घराण्याचा इतिहास हवाय’ यावर कुणालाही काही सुचत नाही. ‘देवगड तालुक्यातल्या गावांच्या मुंबईतल्या मंडळांच्या स्मरणिका आहेत का, साधारण १९३० ते १९७० मधल्या?’ असं विचारलंत की माणूस खुर्चीवरून उठतो.

कोकणातल्या बहुतेक गावांची मुंबईत मंडळं होती आणि आहेत. गिरणगावात गावाची खोली असे, तिथे त्या गावचे पुरुष मिळून राहत, वर्गणी काढत, गावची शाळा आणि देऊळ बांधत. त्या मंडळांचे वार्षिक अहवाल, रौप्य आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गावच्या शाळेची शताब्दी पुस्तिका यांत वर्गणीदारांच्या याद्या असतात, नावापुढे वाडी असते, क्वचित गिरणीचं नावही. घराण्याच्या शोधात इतकं दुर्लक्षित साधन दुसरं नाही. यांतलं थोडंच ग्रंथालयात पोचतं, बरंचसं मंडळाच्या कपाटात राहतं. म्हणून ग्रंथालयात मिळालं नाही तर मंडळाच्या सचिवांना गाठा. तुमच्या गावचं मंडळ आजही असेल तर गणपतीत किंवा मे महिन्यात गावी नक्की भेटतील.

गॅझेटियर वाचण्यात ग्रंथालयातला वेळ घालवू नका. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’ १८८० चा, आणि राज्य शासनाची रत्नागिरीची सुधारित आवृत्ती १९६२ ची. दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एशियाटिकचा ‘ग्रंथसंजीवनी’ हा डिजिटल संग्रहही घरी बसून चाळा. रजेचे दिवस फक्त कागदावरच असलेल्या साधनांना द्या.

एक साधन तुमच्यासाठी खास आहे: मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाचं ‘लेबर गॅझेट’, १९२१ पासूनचं मासिक. साच्यावरच्या कामगाराला महिना काय पडत होतं, धान्याचा भाव, खोलीचं भाडं, संपाचे दिवस, सगळं महिन्यामहिन्याने. १९२८ च्या मोठ्या संपात गिरण्या कित्येक महिने बंद होत्या. आजोबा त्या सुमारास नवे असतील तर तेव्हा गावी गेले असण्याची शक्यता मोठी. १९२३ साली छापलेला मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा सरकारी अहवालही मागा. यांत आजोबांचं नाव मिळणार नाही, पण एका खोलीत किती माणसं, गावी मनीऑर्डर किती आणि सावकाराचं व्याज किती, हे आकड्यांत कळेल. आजीच्या बऱ्याच गोष्टींना आधार इथेच सापडेल. जोडीला १९५१ आणि १९६१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या: तुमच्या गावात घरं किती, माणसं किती, आणि बायकांपेक्षा पुरुष किती कमी. कोकणातल्या गावांत तो फरक ठळक असतो, कारण पुरुष मुंबईत.

कुलवृत्तांतांबद्दल थोडं. छापील कुलवृत्तांत सगळ्यात जास्त चित्पावन घराण्यांचे, मग कऱ्हाडे, देशस्थ, सारस्वत, कायस्थ आणि काही मराठा घराण्यांचे. परबांचा एखादा निघालाच तर पाहा, पण तो वाचायचा कसा हे माहीत असू द्या. हे ग्रंथ बहुधा छापील तक्ते टपालाने पाठवून, आलेल्या उत्तरांवरून बनवलेले असतात. ज्या शाखेने उत्तर दिलं नाही ती ग्रंथात नसते. मुलींची नावं बहुतेक वेळा गाळलेली, दत्तक कधी नोंदलेला कधी लपवलेला, आणि मूळपुरुषाची गोष्ट निम्मी ऐकीव. एक साधा ताळा करा: एका पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षं. १९०० साली जन्मलेल्या माणसापासून शिवकाळापर्यंत आठ-नऊ पिढ्या हव्यात. तक्ता चारच पिढ्यांत तिथे पोचत असेल तर मधली माणसं हरवली आहेत. चौदा पिढ्या लागत असतील तर दोन शाखा एकीवर एक चढवल्या आहेत.

ग्रंथालयाबाहेरची, पण नावं खरोखर जिथे आहेत ती ठिकाणं आता. रजेचा एक दिवस वाचवून किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा ही कामं करा. गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर: त्यात नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख असते. आजोबांची जन्मतारीख १ जून निघाली तर ती मास्तरांनी अंदाजाने टाकलेली आहे हे समजून घ्या, साल मात्र बहुधा जवळपासचं असतं. तहसील कार्यालयातला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात: जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, बहुतेक मोडीत. आणि सातबाऱ्यामागचे जुने फेरफार. नुसता आजचा सातबारा पिढ्या सांगत नाही. जमीनधारक वारला की वारसांची नावं नात्यासकट नोंदतात ती फेरफारात. तुमचे आजोबा १९६१ ला वारले, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर. त्यांच्या नावे जमीन असेल तर वारस नोंदीत तुमच्या आत्यांची नावंही असायला हवीत. त्याआधीच्या फेरफारांत मुली दिसणार नाहीत, म्हणून त्या नव्हत्याच असं समजू नका. रत्नागिरी जिल्ह्यात खोती (गावचा सारा खोताने गोळा करून सरकारात भरण्याची पद्धत) होती, १९४९ च्या कायद्याने ती गेली. तुमचे लोक खोताची कुळं असतील तर मालकाच्या रकान्यात खोताचं नाव आणि तुमचं नाव ‘इतर हक्कां’त सापडेल. खोती गावांचं जुनं बोटखत (खोती जमिनींची नोंदवही) मिळालं तर तेही बघा, त्यात कुळांची नावं असतात. जुने अभिलेख काही तालुक्यांचे ऑनलाइन पाहता येतात, तुमचा तालुका त्यात आहे का ते ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहून मगच खेप घाला.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्येही विसरू नका. घरातलं कुणी क्रियाकर्माला किंवा सिंहस्थाला गेलं असेल तर त्यांच्या वहीत गाव आणि आडनावाप्रमाणे नोंद असते, सोबत त्या वेळच्या हयात भाऊबंदांची नावंही. जाताना गाव, तालुका, जात आणि दोन्ही आडनावं सांगा. नोंद दाखवतील तिचा फोटो काढू देतात का विचारा, नाही म्हणाले तर समोर बसून उतरवून घ्या.

आता ट्रंकेतला मोडी कागद. तो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. जुनी काजळी शाई पाण्याने पसरते. घडी जबरदस्तीने उलगडू नका, सपाट पाटाखाली दोन दिवस ठेवून मग उघडा. खिडकीजवळ दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता, पुढचा-मागचा दोन्ही बाजूंचा फोटो घ्या आणि कागद स्वच्छ सुती कापडात ठेवा.

मोडी न येताही त्या कागदातून बरंच कळतं. तो मुद्रांकाचा असेल तर वरचं डोकं पाहा: व्हिक्टोरिया राणी असेल तर साधारण १९०१ पर्यंतचा, सातवा एडवर्ड असेल तर १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज असेल तर १९१० ते १९३६. शिल्लक मुद्रांक थोडे दिवस पुढेही चालत, तेवढी सूट धरा. मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याने अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, ते कधीकधी बाळबोधीत (देवनागरीत) असतं. दुय्यम निबंधकाचा शिक्का आणि क्रमांक असेल तर तुमचं नशीब उघडलं: त्या दस्ताची नक्कल निबंधक कार्यालयाच्या पुस्तक १ मध्ये असणार, आणि नावांच्या सूचीत त्याच माणसाचे दुसरे दस्तही मिळू शकतात. साल शकात असेल तर ७८ मिळवा (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९), फसलीत (जुन्या महसुली सनात) असेल तर ५९०, त्या फसली वर्षाच्या उत्तरार्धात ५९१. म्हणजे शक १८२२ काय आणि फसली १३१० काय, १९००-०१ च्या आसपासच येतात.

वाचून घेण्यासाठी राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे चौकशी करा. त्यांचं मुंबईचं कार्यालय एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, टाउन हॉलपासून चालत जाण्याजोगं. मोडीचे वर्ग तिथे आणि पुण्यातही होतात, वर्गातून तयार झालेले जाणकार लिप्यंतराचं काम घेतात. काम देताना ‘सारांश नको, अक्षरशः लिप्यंतर हवं’ असं आधीच ठरवा: ओळीला ओळ, न लागलेल्या शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे गावाचं आणि माणसाचं नाव चुकतं ते इथेच. नावांची शक्य वाचनं दोन-दोन लिहून मागा.

राहिले ते पंधरा हजारवाले गृहस्थ. पैसे देण्याआधी त्यांना एकच विचारा: प्रत्येक पिढीसमोर साधन लिहून देणार का? म्हणजे ‘फेरफार क्रमांक अमुक, गाव, साल’ किंवा ‘त्र्यंबकेश्वरची वही, फोटो सोबत’ असं. हो म्हणाले तर पहिल्या तीन पिढ्यांपुरतं काम द्या, त्यातल्या दोन नोंदी स्वतः तहसीलात किंवा शाळेत जाऊन ताडून पाहा, मग पुढचं बोला. देवगडच्या कुळाच्या घरात १८५० च्या मागे कागदाने जाणं फार कठीण असतं. साधनाशिवाय बारा पिढ्या देणारा माणूस पाचव्या पिढीनंतर तुम्हाला कुठल्यातरी प्रसिद्ध परब घराण्याला जोडून देईल, आणि सोबत गोत्र, देवक, निशाण रंगीत छापून. साधन देणार नाही म्हणाले, तर तेवढ्या पैशांत मोडीचं लिप्यंतर आणि गावच्या दोन खेपा सहज होतील.